नंबर तोच राहील

फोन वाजला की नागनाथअप्पा आधी उभे राहायचे. खिशातला मोबाइल असला तरी. जेवताना वाजला तर खरकटा हात हवेत धरून उभे. "बसून बोललं की आवाज पोटातच राहतो," म्हणायचे, "समोरच्याला वाटतं, ह्याला आपली गरज न्हाई." अहमदपूरच्या बसस्टँडसमोर त्यांनी वर्षानुवर्षं एसटीडी बूथ चालवला होता. पोरगी झाली, नोकरी लागली, माणूस गेला, अशा बातम्या निम्म्या तालुक्याने त्या काचेच्या खोक्यात उभं राहून ऐकल्या. पुढे बूथ बंद पडला. अप्पांची सवय तशीच राहिली.

पुण्यातली नोकरी सोडून मी नांदेडला परतलो तो एक बेत घेऊनच. छोट्या दुकानांना, दवाखान्यांना, क्लासेसना इंटरनेटवर चालणारा फोन द्यायचा. वायर, राऊटर, देखभाल सगळं आमच्याकडे. यंत्रातलं मला कळत होतं, पण दुकानात शिरून बोलायचं कसं ते येत नव्हतं. कुणीतरी अप्पांचं नाव सांगितलं. मी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडून चित्रं दाखवायला लागलो. थोडा वेळ पाहून त्यांनी हलकेच झाकण मिटवलं.

"बिघडलं तर कोण येणार, तेवढं सांगा."

"आम्हीच."

"मग झालं की. बाकीचं खामोखा कशाला?"

पुढे माझी ती सगळी चित्रं त्यांनी दोन वाक्यांत बसवली. "दुकानात उचलला न्हाई तर गोडाऊनला वाजतो, तिथं न्हाई तर मालकाच्या खिशात. आन् बिघडलं तर तुमी फक्त शिव्या द्यायच्या, दुरुस्त आमी करतो." दुकानदार हसायचे आणि चहा मागवायचे. अप्पा चहा संपेपर्यंत धंद्याचं काही काढायचे नाहीत. पाऊसपाणी, कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, हेच. मला घाई व्हायची. "इंजिनियर," ते बाहेर आल्यावर म्हणायचे, "माल नंतर इकतो. आधी माणूस बसतो."

आमच्याकडे अजूनही दुकानाचा नंबर दुकानाच्या नावाएवढाच मोठा रंगवतात. पाटीवर, पिशवीवर, पावतीवर, कॅलेंडरवर. बापाच्या काळापासूनचा लँडलाइनचा नंबर. त्यामुळे प्रत्येक दुकानात शेवटी एकच प्रश्न यायचा, "अप्पा, नंबर तोच राहील ना?"

अप्पांनी तो मला विचारला. लातूरला सेवेच्या शुभारंभाचा कार्यक्रम ठरला होता, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती. आणि आदल्याच दिवशी आम्हाला लाइन पुरवणाऱ्या कंपनीने मला स्पष्ट कळवलं होतं की जुने नंबर येणार नाहीत, नवे घ्यावे लागतील.

मी म्हणालो, "राहील."

का म्हणालो? काहीतरी मार्ग निघेल असं वाटलं, हे मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. खरं एवढंच की "नाही" म्हटलं असतं तर लातूरच्या हॉलमधल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या.

खुर्च्या भरल्या. अप्पांनी माइक हातात घेऊन सांगितलं, "नंबर तोच राहील. ही नागनाथची जबान हाय." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आता दोन-दोन लाइनचं भाडं कशाला, म्हणून अप्पांनी अहमदपुरातल्या व्यापाऱ्यांचे जुन्या जोडण्या बंद करण्याचे अर्ज स्वतः नेऊन दिले. तेव्हा मी त्यांना अडवू शकलो असतो. नवे फोन नव्या नंबरांवर बसले; जुना नंबर त्यावर यायचाच आहे, असं सगळे धरून होते. मग सोयाबीनची मळणी सुरू झाली आणि एकेक जुना नंबर मुका झाला.

शिवराजशेठांचं मळणीयंत्राच्या सुट्या भागांचं दुकान होतं. ऐन हंगामात त्यांचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानाला फोन लावायला लागलं. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. दुकानात आणखी चार-पाच व्यापारी बसले होते. त्या दिवशी चहा आला नाही.

"अप्पा, तुमी जबान दिली व्हती," शेठ म्हणाले. "माझ्या बापाचा नंबर गेला की ओ."

अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या राऊटरकडे बघत होतो. तसाच बघत म्हणालो, "अप्पांचा जरा गैरसमज झाला असावा. आम्ही तसं म्हटलं नव्हतं."

मग अप्पा म्हणाले, "हाव शेठ. माझ्याच समजण्यात चूक झाली."

बाहेर आल्यावर ते बराच वेळ चप्पल घालत राहिले. मी काही बोलणार तोच म्हणाले, "कंपनी तुमच्या नावावर चालून राहिली. तुमचं नाव बुडालं तर समद्यांचेच फोन बंद पडतील. म्हणून गप बसलो." थोडं चालून थांबले. "पण इंजिनियर, मला खरं सांगितलं असतं ना, तर म्या नवा नंबर बी इकला असता."

ते वाक्य खरं होतं. त्यांनी विकला असता.

त्यानंतर पेंटरला बरोबर घेऊन अप्पा दुकानोदुकानी हिंडले. शिडी धरून उभे राहायचे आणि पाटीवरचा जुना नंबर पुसून नवा लिहवून घ्यायचे. दुकानदारांचे टोमणे चालू. "अप्पा, ह्यो तरी पक्का हाय का, का खडूनंच लिहायचा?" अप्पा म्हणायचे, "लिहा रंगानंच, शिडी म्या धरलीय." मी एकाही दिवशी गेलो नाही. नांदेडला काम आहे, म्हणालो. काम होतंही.

त्यांनी आमचं काम सोडलं. "तोंड उघडलं की लोक हसत्यात," एवढंच कारण दिलं. गावातल्या सोयरिकीत मध्यस्थ म्हणून अप्पा हवेच असत. हळूहळू लोक दुसऱ्याला बोलवायला लागले. त्यांच्याच भावकीतल्या एका मुलीची बोलणी अप्पांना वगळून झाली, हे मला नंतर कळलं. माझी कंपनी मात्र वाढली. किनवटपर्यंत गेली.

गेल्या वर्षी अप्पा गेले. मातीला गेलो. शिवराजशेठ शेजारी उभे होते. म्हणाले, "माणूस लाखाचा. आमच्याशी जल्मात एकदाच खोटं बोलला." मी मान हलवली.

निघताना अप्पांच्या पत्नीपुढे, काकूंपुढे हात जोडले. त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला आणि मलाच म्हणाल्या, "साहेब, ह्यांच्या बोलण्यामुळं तुमच्या कंपनीला बट्टा लागला. मनात धरू नका."

म्हणजे अप्पांनी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं.

आणि मी काय म्हणालो? "जाऊ द्या काकू, झालं ते झालं." त्यांच्या दारात उभं राहून मी अप्पांना माफ करून आलो.

शिवराजशेठांना मी गाठणारच आहे. पण हे लिहिलेलं आधी काकूंच्या हाती द्यायचं आहे; त्यांना वाचता येतं. काकू, अप्पा खोटं बोलले नव्हते. ते खोटं माझं होतं. त्यांनी ते खरं समजून गावाला सांगितलं, आणि खोटं आहे हे कळल्यावर स्वतःच्या नावावर घेतलं.