विचारल्याशिवाय न बोलणारे बाळासाहेब

आमच्या शेजारचे बाळासाहेब चहा उभ्यानेच पीत. अर्धा आमच्या दिवाणखान्यात फेऱ्या मारताना आणि उरलेला जिन्यात. मुलांनो, इंदिरानगरच्या आपल्या इमारतीमागे त्यांचं घर आणि गुलाबाची रोपवाटिका आहे. तिथे लोक रोपांइतकेच त्यांची बोलणी खायला येत. पानं पिवळी पडली म्हणून कोणी तक्रार केली, की हे विचारत, "ताई, रोज पाणी घालता? गुलाबाला पोहायला शिकवताय का?"

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले.

"काकू, आवाज जायच्या आत माझं सगळं सांगणं वेबसाइटवर गेलं पाहिजे. ब्लॉग का काय म्हणतात, त्याचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? इंग्रजी वाचून तुम्हीच सांगा."

रोपवाटिकेची वेबसाइट त्यांची सून मनीषा हिने केली होती. त्या साइटवर फोटो आणि भाव एवढंच होतं. मी आणि मनीषा वाचायला बसलो. एक सॉफ्टवेअर फुकट होतं, पण बंद पडलं तर लिहिलेलं परत मिळण्याची हमी नव्हती. बाळासाहेबांनी ते ऐकताक्षणी उडवलं. "दुसऱ्याच्या वावरात कलम लावायचं नाय. मालक ऊठ म्हणाला तर मुळासकट नेता आलं पाहिजे."

दुसरं देखणं होतं. मनीषाने ते बसवलं आणि बाळासाहेबांना समोर बसवून म्हणाली, "दादा, बोला, मी टाइप करते."

ते कोऱ्या पानाकडे बघत राहिले. मग उठले. "हे बरोबर नाय. दुसरं बघ."

तिने आणखी एक बसवलं. पुन्हा तेच. एकाची अक्षरं बारीक, एकाचा रंग सुतकी, एक उघडायलाच लय वेळ घेतं. ऑपरेशन जवळ येत होतं आणि एकही ओळ लिहून झाली नव्हती. मनीषा रडवेली झाली. "काकू, मी रोज नवीन सॉफ्टवेअर बसवते आणि हे रोज मोडायला लावतात!" मलाही झोप लागेना. सगळं मुद्देसूद मांडायची माझी सवय, पण त्या माणसापुढे एकही मुद्दा टिकत नव्हता.

एका सकाळी रोपवाटिकेत आम्ही तिघं पुन्हा त्या कोऱ्या पानापुढे अडलो होतो. तेवढ्यात चांदवडहून एक बाई रोपं न्यायला आल्या. त्यांनी सहज विचारलं, "भाऊ, कळ्या उमलायच्या आधीच का गळतात हो?" आणि बाळासाहेब सुटले! माती, ऊन, खत, त्या बाईंचा आळस, सगळं आलं. मनीषाची बोटं पुरेनात.

तेव्हा मला उमगलं. या माणसाला भाषण येतच नव्हतं, त्याला विचारणारं कोणीतरी हवं होतं. देखण्या सॉफ्टवेअरमध्ये वाचकाला लिहायला जागाच नव्हती. आम्ही एक साधं निवडलं. त्यात गिऱ्हाईक आपल्या रोपाचा फोटो टाकून खाली प्रश्न विचारू शकतं आणि सगळं लिहिलेलं उचलून दुसरीकडे नेता येतं. बाळासाहेबांनी रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही.

ऑपरेशन झालं. आवाज गेला. घरी आल्यावर ते एका बोटाने उत्तरं टाइप करू लागले. पण पहिल्या आठवड्यात प्रश्न तुरळक येत. ते सारखे मोबाइल उघडत, मिटत, अंगणात येरझाऱ्या घालत. मला वरून ते बघवेना. मी खोटं नाव घेऊन प्रश्न टाकला: "कृपया गुलाबाची छाटणी केव्हा करावी, ते सांगावे. आभारी आहे."

उत्तर लगेच आलं. "काकू, कृपया आणि आभारी म्हणून गुलाबाचं विचारणारं गिऱ्हाईक नाशकात जन्मलं नाय अजून. तुमच्याकडं गुलाब हायच कुठं? खरं काय विचारायचं ते विचारा."

मी माझ्या नावाने लिहिलं, "घसा दुखतो का?"

सगळ्या गिऱ्हाइकांना दिसेल असं त्यांनी खाली लिहिलं, "हे पान गुलाबाचं हाय. माणसाचं विचारायचं तर घरी या. मनीषानं चहा टाकलाय."

मी चपला घातल्या आणि खाली उतरले.