अंगठ्यातली गाणारी

पियानोवर बसण्याआधी गार्डसाहेब खिशातून रुमाल काढून फक्त दोन अंगठे पुसायचे. बाकीची आठ बोटं तशीच. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "गानारी आंगठामा शे, भाऊ."

माणूस मूळचा गोव्याचा, ख्रिस्ती. पण धुळे-चाळीसगाव गाडीवर बारा वर्षं गार्ड म्हणून काढलेली, त्यामुळे अहिराणी माझ्यापेक्षा झोकात. निवृत्त झाल्यावर भुसावळच्या रेल्वे कॉलनीजवळ राहत. तिथल्या जुन्या हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे. हॉलमध्ये एक पियानो होता आणि त्यावर ते ऑपेरा वाजवायचे. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. पन्नास वाजवणारे, तीस गाणारे, आणि ते सगळं कुणीतरी एकट्या पियानोसाठी उतरवून ठेवलेलं. डाव्या हाताची बोटं खाली घुमायची, उजव्याची वर धावायची आणि मधल्या पट्ट्यांवर दोन अंगठे आळीपाळीनं नायिकेचं गाणं पुढे न्यायचे. तिसरा हात कुठून आला म्हणून मी एकदा चक्क वाकून बघितलं. हसू नका, तुम्हीही बघितलं असतं.

ते गाणं त्यांच्या बायकोचं. बाई तरुणपणी ते गायच्या. पुढे घशाच्या कॅन्सरमध्ये आवाज गेला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी त्या पहिल्या खुर्चीवर बसत आणि अंगठे वाजू लागले की नुसते ओठ हलवत. माझा आवाज आता तिथे असतो, असं त्यांनी मला वहीत लिहून दाखवलं होतं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून उलतं. म्हणून गार्डसाहेब पियानोच्या पोटात पाण्याचं गाडगं ठेवत. आजार उलटला आणि ऐन एप्रिलात बाईंना मुंबईला न्यावं लागलं. जाताना मला एवढंच सांगून गेले, की गाडगं कोरडं पडू देऊ नका. आठवड्यानं त्यात डासांच्या अळ्या दिसल्या. मी पाणी ओतलं, गाडगं ओट्यावर उन्हात पालथं घातलं. उद्या भरू म्हटलं. मग लग्नसराई लागली, हॉलमध्ये रोज मांडव, आणि मी साफ विसरलो. एवढं एक काम सांगितलं होतं हो मला!

दीड महिन्यानं दोघं परतले. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाईंना चाकाच्या खुर्चीतून हॉलमध्ये आणलं. साहेबांनी पियानो उघडला, तर मधल्या तारांच्या खुंट्या धरणारं लाकूड उभं तडकलेलं. खुंटी आवळली की तार पुन्हा ढिली. येताना ओट्यावरचं पालथं गाडगं त्यांनी पाहिलंच होतं. मी माफी मागू लागलो.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," ते म्हणाले.

बेसूर वाजायला नको म्हणून त्यांनी मधल्या तारांत कापडाच्या चिंध्या खोचल्या. रुमालानं अंगठे पुसले. आणि सगळं वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. खाली-वर सगळी कंपनी वाजत होती. अंगठे नेमानं पट्ट्या दाबत होते, आवाज नव्हता. बाईंचे ओठ एकदाही चुकले नाहीत.

जूनमध्ये बाई गेल्या. साहेब पुन्हा हॉलकडे फिरकले नाहीत. रस्त्यात भेटले की माझ्या पोरांची चौकशी करत, पियानोचं नाव काढत नसत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

थंडीत तेही गेले. शवपेटीत ठेवताना हात छातीवर जुळवले होते. मला त्यांचे अंगठेच दिसत होते. मी पुढे झालो, माझा रुमाल काढला आणि दोन्ही अंगठे पुसले. लोक बघत होते.