पाच वाजताचा पिचर

प्रबोध नेहेते बेसबॉलकडे वळला तो दहावीच्या वाढीव गुणांसाठी. भुसावळच्या त्याच्या शाळेत क्रिकेटच्या संघात शिरायला खेळता यावं लागे. सॉफ्टबॉलच्या संघात शिरायला नुसतं हजर राहिलं तरी भागे. तो नेमाने हजर राहिला, राज्य स्पर्धेपर्यंत जाऊन आला, गुण पदरात पडले, आणि पडल्यावरही खेळ काही सुटेना. पुढे इंजिनिअरिंगला सॉफ्टबॉलचा बेसबॉल झाला. "व्यसनच हे," तो स्वतःच सांगे, "फरक एवढाच की व्यसनी माणसाला निदान चार लोक समजवायला तरी येतात."

२००९ साली तो सिंगापूरला एका बँकेच्या आयटीत आला आणि सहा महिन्यांत तोआ पायोह भागातल्या एका हौशी संघात दाखल झाला. कप्तान होते क्वेक अंकल, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. त्यांनी प्रबोधचे तीन बॉल पाहिले, चष्मा पुसला, आणखी एक पाहिला आणि निकाल दिला, "यू, आय पुट अ‍ॅट द बॅक." म्हणजे रिलीफ पिचर, बदली गोलंदाज. पहिल्या पिचरचा हात थकला किंवा त्याची यथेच्छ धुलाई झाली की उरलेला सामना निस्तरायला जो पाठवतात तो. प्रबोधला यात नवं काही नव्हतं. बँकेतही तो सपोर्टला होता. दुसऱ्यांनी घातलेला घोळ सोमवार ते शुक्रवार तो नोकरी म्हणून निस्तरायचा आणि शनिवारी हौस म्हणून.

सामना तीनला सुरू होई आणि प्रबोधची पाळी पाचच्या सुमारास येई. मधले दोन तास तो बाकावर बसून शेंगदाणे खायचा, नाकाला सनस्क्रीन फासायचा आणि खांदा फिरवत राहायचा, म्हणजे आपण बसलेले नसून तयारीत आहोत असं कुणालाही वाटावं. त्याच्याकडे वेग नव्हता. ऐन वेळी गुडघ्याखाली पडणारा एक बॉल होता, आणि तिन्ही बेसवर समोरच्यांची माणसं उभी असली, सगळं हातचं जायची वेळ आली की तो बॉल हमखास पडायचा. पहिला पिचर डेस्मंड तापट. काढलं की बॉल मातीत आपटायचा आणि मान वळवून चालू लागायचा. प्रबोध वाकून तो बॉल उचलायचा, पँटला पुसायचा आणि कामाला लागायचा. अशी सात वर्षं गेली. बायको सुलेखा आणि मुलगी मधुवंती पुंगोलच्या घरून निघायच्या त्या पाचला पोहोचायच्या बेताने. मराठी मंडळातल्या चार घरांनाही ते पाठ झालं होतं: मॅच तीनची, प्रबोध पाचचा.

हे एकाच माणसाला माहीत नव्हतं, ते म्हणजे त्याचे वडील.

आप्पा रेल्वेत रिलीव्हिंग स्टेशन मास्तर होते. कुठल्याही छोट्या स्टेशनचा मास्तर रजेवर गेला की ट्रंक उचलायची, तिथे जायचं, त्याच्या खुर्चीवर बसायचं आणि तो परत आला की उठायचं. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांच्या नावाची पाटी कुठल्याच फलाटावर लागली नाही. मुलाला त्यांनी उपदेश असा एकच केला होता: काय वाटेल ते कर, पण स्वतःच्या जागेवर बसून कर, बदली माणूस होऊ नकोस. त्यामुळे फोनवर त्यांनी जेव्हा विचारलं की त्या खेळात तू नेमकं काय करतोस, तेव्हा प्रबोध बोलून गेला की मी तिथला मुख्य पिचर आहे. भुसावळ आणि सिंगापूर यांच्यात आख्खा समुद्र असल्याने ही थाप सुरक्षित होती. २०१६च्या जुलैत आप्पा महिनाभराच्या व्हिसावर येऊन धडकले आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, शनिवारी तुझी मॅच बघायची आहे.

प्रबोधने क्वेक अंकलना गाठलं. सात वर्षांत काही मागितलं नाही, एकदाच सुरुवातीला उभं करा, म्हणाला. वडिलांचं खरंखुरं कारणही सांगून टाकलं. अंकल बराच वेळ आपली कोपी, म्हणजे तिथली कॉफी, ढवळत राहिले. "वन टाइम ओन्ली, हाँ," ते म्हणाले. घरी त्याने सुलेखाला बजावून सांगितलं की या वेळी मी पहिल्यापासून आहे, तीनला या. तिने मंडळाच्या ग्रुपवर तसं लिहिलंही. सगळ्यांनी अंगठे दिले.

शनिवारी तो सव्वादोनला मैदानावर पोहोचला तर आप्पा आधीच पायऱ्यांवर छत्री उघडून बसलेले. मुलाबरोबर गेलं तर उशीर होईल म्हणून ते एकटेच साडेबाराला निघाले होते. पुंगोलच्या एलआरटीला, म्हणजे घराजवळच्या छोट्या लोकलला, ड्रायव्हर नाही आणि स्टेशनला मास्तरही दिसत नाही, यावर आठवडाभर त्यांचा निषेध चालू होता. पण दोनदा गाडी बदलून ते न चुकता आले होते. बाकी पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं.

तीन वाजले. प्रबोध मधल्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिला आणि त्याने इकडेतिकडे पाहिलं. तिन्ही बेस रिकामे, धावफलकावर शून्य, माती कशी छान सारवल्यासारखी. निस्तरायला काहीच नव्हतं. सात वर्षांत चांगल्या परिस्थितीत बॉल टाकायचा त्याला सराव नव्हता. पहिले चार बॉल कॅचरच्या आसपासही गेले नाहीत आणि पहिला गडी नियमाप्रमाणे फुकटात चालत पहिल्या बेसवर गेला. दुसराही तसाच गेला. तिसऱ्याने दिलेला फटका थेट कुंपणाबाहेरच्या झाडांत शिरला. आता घोळ झाला, आता माझा बॉल पडेल, असं प्रबोधला वाटलं. पण हा घोळ त्याचा स्वतःचा होता, आणि बॉल काही पडला नाही. एक गडी बाद होईतो समोरच्यांच्या सहा धावा झाल्या, दोन माणसं बेसवर उभी राहिली, आणि क्वेक अंकल मान खाली घालून मैदानात यायला निघाले. तीन वाजून बावीस मिनिटं झाली होती. एकदा बाहेर गेलेल्या पिचरला त्या सामन्यात परत येता येत नाही.

पायऱ्यांकडे बघायचा त्याला धीर झाला नाही. बॉल इथेच टाकावा आणि कुंपणावरून उडी मारून सरळ विमानतळ गाठावा, असं मनापासून वाटलं. तेवढ्यात बाकावरून डेस्मंड येताना दिसला, आणि मातीतून उचललेले ते सगळे बॉल प्रबोधला आठवले. तो थांबला. बॉल पँटला स्वच्छ पुसून त्याने डेस्मंडच्या हातात ठेवला, दुसऱ्या बेसवरचा पोरगा पळायला टपलाय, आणि आता येणाऱ्याला खालचा बॉल खेळता येत नाही, हे सांगितलं, आणि मग गेला. डेस्मंडने त्याच्याकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच.

पाचला पाच मिनिटं कमी असताना सुलेखा, मधुवंती आणि मंडळाची चारही घरं साबुदाणा वड्यांचे डबे घेऊन हसतखेळत आली. तीनची वेळ सगळ्यांनी वाचली होती. पण प्रबोध तीनला खेळेल यावर कुणाचाच, त्याच्या बायकोचासुद्धा, विश्वास बसला नव्हता. वडे गरम राहावेत म्हणून तिने ते चारला तळले होते.

"बाबा, युअर टर्न नॉट येट, राइट?" मधुवंतीने विचारलं.

प्रबोधने तोंड उघडलं. अजून आहे, असं सांगायचा त्याचा बेत होता. एवढी थाप मारली तशी आणखी एक.

"त्याची ड्यूटी झाली," आप्पा मागून म्हणाले. "मी पाहिली."

सुलेखाने डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. प्रबोधला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो वडिलांच्या शेजारी जाऊन बसला आणि खाली बघत म्हणाला की आप्पा, मी मुख्य पिचर नाही. मी बदलीचा माणूस आहे. पहिल्यापासून.

"ते कळलं मला. तू बॉल दिलास तेव्हाच." आप्पांनी छत्री मिटली. "एकतीस वर्षांत मला चार्ज देताना निम्म्या मास्तरांनी किल्ल्या टेबलावर फेकल्या. वाकून उचलायचो मी. त्या पोराला तू हातात दिलास."

डोळ्यांत सनस्क्रीन गेल्याचं प्रबोधने मधुवंतीला सांगितलं, आणि ते तिला खरंही वाटलं.

आप्पांनी एक वडा घेतला, निम्मा खाल्ला. मग त्यांनी विचारलं की तुझी नेहमीची पाळी कितीला असते.

"पाचला," प्रबोध म्हणाला.

"मग पुढच्या शनिवारी मी साडेतीनला येऊन बसतो," आप्पा म्हणाले.