तंबाखूचं पाणी

ओल्या तंबाखूचा वास आला की नवेगावचं ते अंगण आठवतं. लढाईच्या दिवसांत गोचिडांना लावायला घासलेट मिळेनासं झालं होतं आणि आमच्या कुत्र्याच्या कानांत गोचिडं लोंबत होती. घरात आम्ही विड्या वळायचो, म्हणून सासूबाईंनी त्यातलाच तंबाखूचा चुरा पाण्यात उकळला, कुत्र्याचं तोंड फडक्यानं बांधलं आणि धानाच्या बांधीत कामाला जाताना बजावलं, "अंग सुकल्याबिगर सोडू नोको बाई." मी कान, मान, पोट चोळून धुतलं. पण तो उन्हात बसून असा कण्हत राहिला की मला राहवेना, मी गाठ सोडली. सुटताच तो अंग चाटू लागला. मी ओरडले, मानेला धरून ओढलं, त्याला तो खेळच वाटला. मग तोंडाला फेस आला, पाय लटपटू लागले. ताक पाजलं, तेही ओकला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "कायले सोडलंस वं? आता काही नाही होत." तो मात्र धडपडत माझ्याच मांडीत येऊन पडला आणि मी काहीतरी करीन म्हणून शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत राहिला. आता घरात कुणी विडी वळत नाही, तरी कुत्रं जवळ आलं की मी आधी हात धुऊन येते.