गुलाबची आरोळी

दोन हजार पंचवीस साल, आणि मला चौऱ्याहत्तरावं चालू. काष्टीच्या बाजारात एका शेळीचा सौदा करत उभा होतो, तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. सलीमचा होता, गुलाबच्या पोराचा. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला, पुढं त्याला बोलवेना. मी शेळीची दोरी सोडली आणि निघालो. व्यापारी मागून ओरडत होता, "अहो पाव्हणं, रागावू नका, आजून कमी करतो!" टेम्पोत बसून गावात येईपर्यंत डोक्यात एकच होतं, की बाजार अर्धा टाकून आलो म्हणून गुलाब आता मला शिव्या घालणार...

गुलाब म्हणजे आमच्या गावच्या पिराचा मुजावर. दर्ग्याची झाडलोट, दिवाबत्ती आणि मोहरमात हसन-हुसेनाच्या नावानं हाताच्या आकाराचे धातूचे पंजे बसवायचे, हे काम त्याच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या. आमचं घर शेतकऱ्याचं, हिंदूचं. पण माझं त्या पंज्यांशी नातं जन्माच्या आधीचं. माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. माझ्या वेळी आईनं पंज्यापुढं पदर पसरला, की हे लेकरू जगलं तर जिवात जीव असेपर्यंत दर मोहरमात तुझा फकीर होईल, पाच दारी मागेल. मी जगलो. नावही पिराजी ठेवलं. तेव्हापासून चांद दिसल्यावर पाचव्या दिवशी गळ्यात हिरवा नाडा, खांद्याला झोळी आणि पाच घरांचं पीठ. त्या पिठात गूळ घालून चोंगे करायचे, पंज्यापुढं ठेवायचे आणि गावाला वाटायचे.

आता माझा स्वभाव असा, की शेजाऱ्याकडं मी कधी काडेपेटी मागितली नाही. सोयऱ्याच्या घरी भाजी अळणी लागली तरी मीठ मागत नाही, तशीच खाऊन उठतो. असल्या माणसाच्या नशिबी झोळी! आई होती तोवर दारात आरोळी ती द्यायची, मी नुसता पुढं उभा. आई गेली त्या साली पहिल्यांदा एकटा एका दारात गेलो आणि खांबासारखा उभा राहिलो. तोंडातून शब्द फुटेना. घरातली म्हातारी म्हणाली, "काय रं पिराजी, काय पायजे?" मी मागं फिरणार, तेवढ्यात गुलाब कुठून आला कोण जाणे, माझ्या पाठीमागून खणखणीत ओरडला, "हुसेनाचा फकीर आलाय, वाढा माय!" म्हातारीनं पीठ वाढलं. त्या दिवसापासून झोळी माझी आणि आवाज त्याचा, असं ठरूनच गेलं. पुढं पुढं तर तो आरोळीला शेपूट जोडायला लागला. "वाढा माय, लई वाढा, फकीर मुका हाय!" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मी तोंड पाडून उभा. तेव्हापासून पहिलं दार त्याचंच, असा शिरस्ता पडला. तिथं तो स्वतःच्या बायकोला "वाढा माय" म्हणायचा आणि भाभी आतून लाटणं दाखवायची.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र मी अडून बसलो. खडी फोडायच्या कामावर जात होतो, घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, त्याही पोटभर नाहीत. मोहरम आला. मी म्हणालो, यंदा झोळी घेणार नाही. गावाला वाटेल पिराजी नवसाच्या नावाखाली पोट भरायला निघाला. गुलाब खडीच्या ढिगावर माझ्या शेजारी येऊन बसला. त्याच्याही हाताला घट्टे पडलेले.  मग म्हणाला, "आजवर तू खोटा फकीर हुतास पिराजी. यंदा खरा झालास. आन् यंदाच न्हाई म्हनतोस व्हय?" मला राग आला, तरी झोळी उचलली. गेलो त्याच्यामागं. लोकांनी चिमूट चिमूट वाढलं. त्या पिठाचे चोंगे एवढेसे झाले, तळहातावरच्या बत्ताशाएवढे. पण सगळ्या वस्तीला पुरवले त्यानं, आणि स्वतः न खाता हात झटकून उठला. मी बघत होतो.

तो पाच वेळचा नमाजी. रमजानात भर उन्हाळ्यात रोजा धरून माझ्याबरोबर कांदा काढायला यायचा. त्याच्यापुढं मी पाणी प्यायचो नाही, माझा आपला हट्ट. तर उलटा तोच चिडायचा. "पी की पानी! माझा रोजा तुझ्या घशात अडाकलाय का?" अलीकडं त्याला त्याच्यातली शिकलेली पोरं सांगायला लागली, चाचा, हे नाडे-बिडे आपल्या धर्मात बसत नाहीत. मला आमच्यातली पोरं सांगायची, आबा, हे आपलं नाही, सोडा. गुलाब हॉटेलात चहा फुंकत म्हणाला, "तुला तुझी बोलत्यात, मला माझी. आपलं दोघांचं सारखंच चाललंय." मग कप ठेवून हळूच म्हणाला, "सजदा मी अल्लापुढंच करतो, कपाळ त्येच्यापुढंच टेकतो. पंज्याला कवाच केला न्हाई. पर तुझ्या आयनं शबूद दिलाय. दिलेला शबूद मोडू ने, एवढं मला कळतं."

दफन तिसऱ्या प्रहरी, अस्राच्या नमाजानंतर झालं. मी डोक्याला उपरणं बांधून लांब उभा होतो. सलीमनं हात धरून पुढं नेलं. ओंजळीनं माती दिली. काळी माती, आदल्या दिवशीच्या सरीनं ओली. हाताला चिकटली, ती घरी येईपर्यंत धुतली नाही...

त्यानंतर दिवस जाईनात. दिवस मावळल्यावरचा मगरिबचा नमाज झाला की तो आमच्या ओट्यावर यायचा. बोलणं फारसं नसायचंच. आभाळ कसंय, कांद्याचा भाव काय, सांधे कुठं धरलेत. अजून त्या वेळेला मी ओट्यावर एका कडेला सरकून बसतो. सून म्हणते, आबा, मधे बसा की नीट, पडाल.

महिना होत आला आणि मोहरमचा चांद दिसला. सलीम नगरला कंपनीत असतो. पंजे बसवायला रजा काढून आला, पण मला म्हणाला, "काका, बाबा होते तोवर ठीक होतं. आता तुम्ही या वयात दारोदार नका फिरू." माझा पोरगाही तेच म्हणाला. दोघांनी जणू ठरवूनच.  पण खरं सांगायचं तर माझीच पंचाईत होती. नाडा कुणीही बांधेल. आरोळी कोण देणार? माझ्या तोंडातून ती उभ्या जन्मात निघाली नव्हती. आणि आरोळी दिल्याशिवाय मुकाट्यानं उभं राहायचं म्हणजे आईचा शब्द अर्धाच पाळायचा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गुलाबच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत. नवरा गेला की चार महिने दहा दिवस बाईनं घरातच राहायचं, परक्या पुरुषापुढं यायचं नाही. जिच्या हातचा चहा पन्नास वर्षं प्यालो, तिला मी आता परका. दाराला पडदा होता. मी बाहेर बसलो, ती आत.

"भाभी, यंदा राहू द्यावं म्हनतो."

आत चाळणीचा आवाज थांबला. मग म्हणाली, "का? पोरं बोलली म्हनून?"

"पोरांचं काय. गुलाब न्हाई."

"त्यो न्हाईच. पर नवस त्येचा हुता का तुमचा?"

मी पायात चपला सरकवल्या.

"भाऊजी," ती म्हणाली, "आजारपनात त्यो एकदा म्हनला हुता, म्या गेल्यावर पिराजी काय करल गं? म्या म्हनलं, वरडल की. तर हसला. म्हनला, त्यो? त्यो उपाशी मरल, पर वरडायचा न्हाई."

मी उठून घरी आलो. राग आला होता. गुलाबचा, भाभीचा, कुणाचा ते कळेना. मेल्यावरसुद्धा हा माणूस मला डिवचतोय!

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली. नाडा माझा मीच बांधला, गाठ वेडीवाकडी बसली. झोळी खांद्याला लावली. पोरगा दारात उभा होता, त्यानं अडवलं नाही. गुलाबच्या दारात जाऊन उभा राहिलो. पडदा हलत नव्हता. गल्लीत दोघं-तिघं थबकले.  पाठीमागं कुणी नाही, हे माहीत असून एकदा वळून बघितलं. मग तोंड उघडलं.

"हुसेनाचा फकीर आलाय... वाढा माय."

आतून भाभीचा आवाज आला, "मोठ्यानं म्हना भाऊजी. ऐकू आलं न्हाई."

मग मी ओरडलो. पोटातून ओरडलो. दर्ग्याच्या लिंबावरचे कावळे उठले. पडद्याबाहेर एक हात आला, पिठानं भरलेली वाटी घेऊन. त्या हातात बांगड्या नव्हत्या. पीठ झोळीत पडलं. मी मान खाली घातली, डोळे पुसले आणि पुढच्या दाराला गेलो. तिथं मोठ्यानं म्हण असं मला कुणी सांगायची गरज पडली नाही.