मान खाली घातलेली छत्री

आमच्या मोठ्या साडूंइतका वाटोळ्या भांड्यांचा अभ्यास केलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. पंगतीत बसले की ते आधी परातीची खोली मोजतात. एका साक्षगंधात त्यांनी आचाऱ्याची रिकामी कढई उचलून "हिचा फोकस बाहेर पडते" असा शेरा मारला. मुलाकडचे रुसले ते जेवणं होईपर्यंत.

नेरला निवृत्त होऊन बसल्यापासून त्यांनी छत्रीचे, म्हणजे डिश अँटेनाचे, आराखडे करणारं सॉफ्टवेअर स्वतःच लिहायला घेतलं. व्यास आणि खोली टाकली की लहरी छत्रीवर आपटून कुठे जमतात ते पडद्यावर दिसतं, आणि छत्रीची ताकद कोणत्या दिशेला किती, याची एक पाकळी उमलते. पाकळी बारीक, टोकदार आली की साडू चहा मागतात. आजूबाजूला उपपाकळ्या फुटल्या की घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. मापं इंच आणि सुतात, कारण त्यांचा वेल्डिंगवाला मिलिमीटर मानत नाही. आकडा चुकला तर पडद्यावर अक्षरं येतात, "काहून घाई करून राह्यला? खोली पाह्य आधी." मी हसलो तर म्हणाले, "साडूभाऊ, मशीन आपल्या बोलीत रागावलं का माणूस ऐकते."

हा सगळा खटाटोप होता त्यांच्या मोठ्या बहिणीसाठी. आक्का मुकुटबनच्या पुढे शेतातल्या घरात एकट्या राहतात. मोबाइलला रेंज फक्त लांबच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या उंच बांधावर, आणि फोन करायला तिथं चढताना एकदा पडून त्यांचं मनगट मोडलं. आक्कानं बाजेवर बसूनच बोललं पाहिजे, हे साडूंनी त्या दिवशी ठरवलं. वर्षभर पाकळ्या उमलवून शेवटी त्यांनी टीव्हीची जुनी छत्री आक्काच्या ओसरीच्या खांबाला बांधली आणि तिच्यापुढे इंटरनेटची डोंगल लावली. ही छत्री तिरपं पाहणारी, तोंड असेल त्याच्या वरचं बघणारी. दूरचा टॉवर पकडायला तिचं तोंड जमिनीकडे झुकवावं लागतं. घरात वायफाय आलं, बाजेवरून फोन लागला आणि दोन्हीकडून रडून झालं.

पण दर पंधरा दिवसांनी ते बंद पडू लागलं. साडू सॉफ्टवेअरमधली चूक शोधून थकत आणि मग यवतमाळ, वणी अशा बसा बदलत आक्काकडे जाऊन कोन जुळवून येत. एकदा मीही सोबत गेलो. पाहतो तर छत्री आभाळाकडे तोंड करून ताठ उभी.

"हे कोनं फिरवलं?" साडूंनी विचारलं.

"म्या," आक्का म्हणाल्या. "बापू, तुह्या हातचं काम असं मान खाली घालून बसलेलं बरं दिसत नाई."

साडूंनी कागदावर आकृती काढून तासभर कोन समजावला. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं, मग हलकेच म्हणाल्या, "मले पयल्याच खेपेले समजलं होतं रे. पण फोन लागला का तू येत नाई."

साडूंनी कागदाची घडी केली आणि आक्काच्या त्या एकदा मोडलेल्या मनगटाकडे पाहिलं. जेवण झाल्यावर त्यांनी छत्री पुन्हा झुकवली, कोन मोजला, फोन लागतो याची खात्री केली आणि तीन बोल्ट पान्यानं करकचून आवळले. चौथा, छत्रीचा कोन धरून ठेवणारा, त्यांनी नुसता बोटांनी फिरवला आणि पाना पिशवीत टाकला.