विमलताईंच्या सपरीतली कादंबरी

साकोलीच्या बाजारात छत्रीच्या काड्या बसवून घेत होते, तेव्हा शेजारच्या बेबीचा फोन आला. "काकू, सिस्टर गेल्या वो." मी विचारलं, "कुठी गेल्या?" खरंच विचारलं हो! आदल्या दुपारी तर आम्हा बायांना सपरीत, घरापुढच्या पडवीत, बसवून ही बाई कादंबरी वाचून दाखवत होती. बेबीला बोलवेना, तेव्हा डोक्यात उजेड पडला. झोपेतच गेल्या होत्या. मला आधी रडू आलं नाही, राग आला. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, आणि निघाल्या पण? महिना होऊन गेला, तो राग काही उतरलेला नाही. फक्त त्याचा धनी बदलला आहे.

विमलताई आमच्या सानगडीत नर्स म्हणून आल्या त्या जिल्हा तुटला तेव्हा. गोंदिया वेगळा निघाला, बदल्यांचा गोंधळ उडाला, आणि त्यांनी हट्टानं अलीकडचा भंडारा धरला. निवृत्तीनंतरही इथेच राहिल्या. अख्खं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं, मी एकटी ताई म्हणायचे. भिंतीला भिंत लागून घर. त्यांच्या कुकरची शिट्टी झाली की माझा भात करपायचा राहायचा, इतकं लागून.

या बाईला प्रेमाच्या कादंबऱ्यांचं वेड होतं. लपूनछपून नाही, उघड. बसमध्ये, दवाखान्याच्या ओट्यावर, एका हाती पुस्तक आणि दुसऱ्या हाती भाजलेल्या लाखोरीच्या शेंगा. एकदा तपासणीला आलेले एक साहेब हसून म्हणाले, "सिस्टर, या वयात हे असलं वाचता?" ताई खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "साहेब, दिवसभर बायांच्या कळा पाहून राहिली मी. संध्याकाळी एखादीचं भलं होताना पाहू द्या ना." साहेबांनी चहा अर्धाच ठेवला.

त्यातही एक कादंबरी फार लाडकी. मुखपृष्ठ कधीचं निघालेलं, त्याला दवाखान्यातली चिकटपट्टी लावलेली. कुठल्याशा डोंगरात एका कुटुंबाची मोठी बाग. संत्री, आंबे, गोठाभर गाई, तीन भाऊ, सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या आईसाहेब. तिथे नंदिनी नावाची गुरांची डॉक्टर येते आणि मधल्या भावाशी, अविनाशशी, तिचं आधी कडाक्याचं भांडण आणि मग... तुम्हाला कळलंच. नाकं मुरडू नका. गाय अडलेली असते आणि तो कंदील धरून पहाटेपर्यंत उभा राहतो, ते पान ऐकताना आमच्यातली कांताबाई, जी नवऱ्याच्या मयतीलाही रडली नव्हती, पदर तोंडात धरून बसली होती. सुख वाटायचं हो ऐकताना! घरातली माणसं एकमेकांशी नीट बोलतात, एवढं ऐकण्यातही सुख असतं.

या उन्हाळ्यात ताईंनी ती आम्हाला वाचून दाखवायला घेतली. भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, सुरू झाली तरी वाचन थांबलं नाही. बाया चिखलाच्या पायांनी यायच्या, सपरीत पाय पसरून बसायच्या. ताई ओळीखाली बोट धरून वाचायच्या. आमचा जीव खरा अडकला तो नंदिनीत नाही, पारीत. पारी म्हणजे बागेत गवत कापणारी पोट्टी. तिचं गुराख्यावर, महादूवर मन. पारी कोणाला भीत नाही. मजुरांना अंगणात वेगळं जेवायला बसवतात म्हणून ती आईसाहेबांना तोंडावर विचारते, "आमच्या हातचं गवत तुमच्या गाईले चालते, त्या गाईचं दूध तुमाले चालते, मग आमीच काहून चालत नाही जी?" त्या दिवशी सपरीत अशा टाळ्या पडल्या की समोरच्या घरातून माणूस बघायला आला. पारीचा भाग आला की ताई पान उलटायला फार वेळ लावायच्या. आम्ही म्हणायचो, डोळे गेले सिस्टरचे. बेबी घाई करायची, "पारीचं लगन होते का वो? पंगतीत कुठी बसवतात तिले?" ताई चष्म्यावरून बघायच्या. "थांब ना वो. वाचून राहिली ना मी!"

आणि मग ताई गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली. एक जण म्हणाले, ताईंचं वाचन केवळ वैचारिक होतं. दुसरे म्हणाले, त्यांनी हलक्या करमणुकीला कधी थारा दिला नाही. अरे, कोणाबद्दल बोलून राहिले तुम्ही? वैचारिक वाचायच्या ना त्या, सकाळी आंघोळ करून टेबलाशी बसून वाचायच्या, आम्हालाही समजावून सांगायच्या. म्हणून दुपारची बाई खोटी झाली का? त्यांच्या पोराचं, प्रदीपचं, तर विचारूच नका. नागपूरला प्राध्यापक आहे, चांगला पोरगा आहे, आईसाठी रडला पोटभर. पण आईच्या नावानं वाचनालय काढणार म्हणून त्यानं पुस्तकं निवडली आणि माझी नजर गेली तर आमची कादंबरी जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यात, सुतळी बांधून रद्दीला तयार!

"हे काहून इथं?" मी विचारलं.

"काकू, आईच्या नावाचं वाचनालय आहे. लोक काय म्हणतील? तिची एक प्रतिमा आहे."

प्रतिमा म्हणे! माझं डोकंच फिरलं. "बाबू, तुह्या आईनं उभ्या गावाचे बाळंतपणं केले, ते प्रतिमा घेऊन नाही केले. जे तिनं कोणापासून लपवलं नाही, ते तू काहून लपवतं?" चारचौघांत बोलले, बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. सुतळी दातानं तोडली, पुस्तक पदराखाली घेतलं आणि घरी आले. तो मागून दारापर्यंत आला, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी बाया आपणहून जमल्या. या वेळी माझ्या सपरीत. मी चष्मा पुसला आणि शेवटचं प्रकरण उघडलं. नंदिनीचं लग्न, आंब्याखाली मांडव, सनई, सगळं आलं. पारी येईना. मी वाचता वाचता हळूच पुढची पानं चाळली, मागची चाळली. पारी कुठेच नव्हती! महादू नव्हता. गवताचा, गाईच्या दुधाचा तो सवाल नव्हता. साऱ्या बागेत मजुरांच्या वाट्याला छापलेलं एवढंच, की गडीमाणसं अंगणाच्या कडेला कौतुकानं उभी होती. म्हणजे इतके दिवस ही बाई कोऱ्या चेहऱ्यानं, ओळीखाली बोट धरून, आपल्या मनातलं आम्हाला वाचून दाखवत होती. पान उलटत नव्हतं ते डोळ्यांमुळे नाही!

काय संतापले मी... आधी ताईंवर. सांगायचं तरी ना, बाई, निदान मला! मग त्या पुस्तकावर. एवढी मोठी बाग, एवढी मायाळू माणसं, आणि गवत कापणाऱ्या पोरीला नाव द्यायलाही जागा नसावी? ताईंचं त्या पुस्तकावर एवढं प्रेम होतं, तरी त्यांनाही ते खुपलंच असेल. म्हणून टाकून नाही दिलं त्यांनी, पुरं केलं. शेवटचं एक पान तेवढं राहिलं.

"थांबल्या काहून काकू?" बेबी पुढे सरकली. "जेवणं सुरू झाले ना? पारी कुठी बसली?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. कांताबाईनं पदर आधीच हातात धरला होता. मी पानावर बघितलं. गडीमाणसं तशीच कडेला उभी होती. मी त्या ओळीखाली बोट ठेवलं.

"पारी पहिल्या पंगतीत बसली," मी वाचलं. "आईसाहेबांच्या शेजारी."

"आन् महादू?"

"थांब ना वो," मी म्हटलं. "वाचून राहिली ना मी."